काढलेल्या ओळीवरची सही

तीस वर्षं मी एका यंत्राकडे जागा मागितली, वापरली आणि परत केली. माझी नोकरी थोडक्यात एवढीच. लग्नाकार्यात कुणी "तुम्ही काय करता?" असं विचारलं की पहिली काही वर्षं मी उत्साहानं सांगायचे. समोरचा मान डोलवत ऐकून घ्यायचा आणि मग आपल्या बंद पडलेल्या प्रिंटरबद्दल विचारायचा. पुढे पुढे मी समजावणं सोडून दिलं आणि मुकाट्यानं प्रिंटर बघायला लागले. त्यात वेळ कमी जायचा.

निवृत्त होऊन वर्ष झालं. मान अजून डावीकडे पुरती वळत नाही, डोळ्यांना दुपारचं ऊन सोसत नाही. दिवाळी अंकासाठी कामाबद्दल लिहा, असं सांगणं आलं तेव्हा खरं तर नको वाटलं होतं. पण एक गोष्ट सांगायची राहिली आहे, आणि ती सांगायची तर आधी काम सांगावं लागेल. फार ताणत नाही.

मेनफ्रेम म्हणजे कपाटांएवढी यंत्रं. मोठमोठ्या संस्थांचा पसारा ती न थकता ओढत असतात. माझ्या वाट्याची यंत्रं परदेशातल्या एका रुग्णालयांच्या समूहाची होती. मी त्यांना कधी हातसुद्धा लावला नाही. आधी पुण्याच्या ऑफिसातून आणि शेवटची काही वर्षं कऱ्हाडजवळच्या मलकापूरच्या आमच्या घरातून, हायवेचा आवाज ऐकत, मी त्यांच्याशी बोलायचे. बोलायची भाषा असेम्ब्ली. आजकालच्या भाषांत "या दोघांची बेरीज कर" म्हटलं की भागतं. असेम्ब्लीत हा आकडा कुठून उचलायचा, कुठे ठेवायचा, मग दुसरा कुठून आणायचा, हे एकेक करून सांगावं लागतं. आकडे ठेवायला यंत्रात हाताशी खण सोळाच, आणि तेही सगळ्या प्रोग्रॅमना सामाईक. म्हणून या धंद्यात एक रीत आहे. एका प्रोग्रॅमनं दुसऱ्याला कामाला बोलावलं, की आलेल्यानं आधी बोलावणाऱ्याचं खणांतलं सामान त्यानं नेमून दिलेल्या जागी नीट काढून ठेवायचं, मग आपलं काम करायचं, आणि जाताना सगळं पुन्हा जागच्या जागी लावून जायचं. मला ही रीत पहिल्या दिवसापासून आवडली.

सोळा खणांत काम मात्र मावत नाही. मग यंत्राकडे तात्पुरती जागा मागायची. त्या जागेत आपले कच्चे आकडे, अर्धवट नावं, तारखा मांडायच्या आणि काम संपलं की जागा परत करायची. परत केलेली जागा यंत्र पुढच्याला देतं. माझी उमेदीची सगळी वर्षं या तात्पुरत्या जागेची व्यवस्था लावण्यात गेली.

एकदा हे यंत्र दर गुरुवारी दुपारी गुदमरायला लागलं. तिकडचा एक म्हातारा गृहस्थ आमचा ग्राहक होता. यातले निम्मे प्रोग्रॅम त्यानंच तरुणपणी लिहिलेले. त्याला पडद्यावर वाचायला आवडायचं नाही. यंत्र बंद पडतं तेव्हा पोटातलं सगळं कागदावर ओकून टाकतं, पानंच्या पानं नुसते आकडे. ते मी फोनवरून त्याला मोठ्यानं वाचून दाखवायचे आणि तो तिकडे दाढी करत ऐकायचा. तिसऱ्या दिवशी माझा घसा बसला तेव्हा तो म्हणाला, "थांब. कुणीतरी जागा घेतंय आणि परत करत नाहीये." खरंच तसं होतं. एखादा रुग्ण मध्येच घरी गेला तर आमचा एक प्रोग्रॅम मागल्या दारानं सटकायचा, जागा परत न करता. दर गुरुवारी घरी जाणारे जास्त असत. ही चूक हुडकल्याचा मला आजही अभिमान आहे. मलकापूरला आल्यावर याच म्हाताऱ्याशी बोलताना एकदा कोयनेकडचा धक्का बसला. कॅमेरा हलला. "तुमचं नेटवर्क हलतंय का?" त्यानं विचारलं. "नाही, जमीन हलतेय," मी म्हटलं आणि पुढची ओळ वाचायला घेतली.

आता बिरूकडे येते.

बिरू आटपाडीकडचा. घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. लहानपणी बापाबरोबर मेंढरं घेऊन कृष्णाकाठच्या रानात उतरायला यायचा, मध्येच शाळा, पुन्हा मेंढरं, असं करत शिकला आणि आमच्या टीममध्ये आला. पहिलं वर्षभर मी त्याला काम शिकवलं. मला तो ताई म्हणायचा. ऑफिसात सगळे इंग्रजी फाडायचे. आम्ही दोघं मात्र एकमेकांशी गावाकडचं बोलायचो, आणि बाकीचे हसले तरी आम्हाला त्याचं काही वाटायचं नाही.

त्यानं लिहिलेल्या प्रत्येक प्रोग्रॅममध्ये जागा मिळाल्या मिळाल्या पहिली ओळ ठरलेली असायची. ती सगळी जागा कोरी करायची.

"अरे, रिकामीच मिळते की जागा," मी एकदा म्हटलं. "कशाला पुन्हा पुसत बसतोस?"

"कवा कवा मिळती, ताई. पर कवा न्हाई मिळाली तर?" तो म्हणाला. "रानात मेंढरं बसवायच्या आदी आमचा आज्जा सगळं रान हातानं चाचपायचा. मागच्यानं तार टाकलीया का काटं, कुणाला ठावं? जागा आपली न्हवं. आदी झाडून घ्यावी."

मी हसले. माझं वळण वेगळं. बाबा फौजेत सुभेदार होते. आमचं लहानपण फौजी क्वार्टरांत गेलं. क्वार्टर सोडताना 'मार्चिंग आउट' असायचं. एक हवालदार यादी घेऊन यायचा, बल्ब मोजायचा, खिडकीच्या कडेवरून बोट फिरवून धूळ बघायचा. आई आदल्या दिवशी फरशी खरवडून काढायची. त्यामुळे नव्या गावी आम्ही कुलूप उघडलं की घर रिकामं आणि लख्ख. आधी कोण राहत होतं याचा मागमूस नसायचा. जाणारा झाडूनच जातो, ही समजूत माझ्या अंगात भिनली होती. कामाच्या पुस्तकात स्पष्ट लिहिलेलं होतं की मिळालेल्या जागेत काय असेल याचा भरवसा धरू नका. ते मी इतरांना शिकवतही होते, तरी मनातून समजूत तीच.

एके वर्षी वरून हुकूम आला की यंत्राचा वेळ वाचवा. ज्याच्या त्याच्या मागे तेच टुमणं. बिरूचा एक छोटा प्रोग्रॅम दिवसातून लाखो वेळा बोलावला जायचा. वॉर्डातल्या नर्सच्या हातात पडणारी चिठ्ठी तो तयार करायचा. रुग्णाचं नाव, खाट, आहार, आणि कुठलं औषध सोसत नाही. मोजून बघितलं तर त्याचा बराच वेळ जागा पुसण्यातच जात होता. मी ती ओळ काढून चालवून बघितलं. जागा कोरी मिळाली. पुन्हा चालवलं. पुन्हा कोरी. दहा वेळा बघितलं. मग ती ओळ काढून टाकली.

माझं कुठे चुकलं ते सांगते. अगदी नवी, न वापरलेली जागा यंत्र कोरी करूनच देतं. मी चाचणी करताना दर वेळी नव्यानं सुरुवात करत होते, म्हणून दर वेळी नवी जागा मिळत होती. रुग्णालयात मात्र तो प्रोग्रॅम अखंड चालू. तिथे एकानं परत केलेली जागा तशीच, न झाडता, दुसऱ्याच्या हातात पडत होती. शिवाय "न सोसणारं औषध" हा रकाना तसं औषध असेल तरच भरला जायचा. नसेल तर कुणी त्याला हात लावत नव्हतं.

आणखी एक चूक केली. आमच्यात रीत अशी की ओळ बदलली तर उजव्या कडेला आपली आद्याक्षरं लिहायची. ओळ काढायची असेल तर ती खोडून तशीच ठेवायची आणि शेजारी आद्याक्षरं. मी ती ओळ खोडली नाही, पुरती पुसून टाकली. एका ओळीसाठी काय एवढं, असं वाटलं. पुसलेल्या ओळीला उजवी कडा नसते, तिथे सही कुठे करणार? त्या आठवड्याचे बाकीचे बदल बिरूचे होते, माझाही बदल त्यांच्याबरोबर एकाच गठ्ठ्यात, त्याच्याच नावानं गेला. प्रोग्रॅमच्या माथ्यावर नावही त्याचंच.

तीन आठवड्यांनी तिकडच्या एका बाईच्या चिठ्ठीवर तिच्या आधीच्या माणसाचं न सोसणारं औषध छापून आलं. म्हणून डॉक्टरांनी तिला नेहमीचं औषध टाळून दुसरं दिलं. ते मात्र तिला खरोखरच सोसलं नाही. घसा सुजला. चार दिवस ती श्वासाच्या यंत्रावर होती. वाचली, पण ते आम्हाला पाचव्या दिवशी कळलं.

बातमी आली त्या पहिल्याच दिवशी दुपारी बिरू माझ्या टेबलाशी आला. त्याच्याकडे त्या प्रोग्रॅमचा जुना छापील कागद होता. हिरव्या पट्ट्यांच्या कागदावर त्यानं बोट ठेवलं.

"ताई, ही वळ कुठं गेली?"

"बघते," मी म्हटलं.

मला बघायचं काहीच नव्हतं. मी उठून पाणी प्यायले आणि परत येऊन भलतंच काम काढून बसले.

दुसऱ्या दिवशी मीटिंग झाली. तिकडचे लोक फोनवर होते, इकडे आमचे साहेब आणि आम्ही दोघं. प्रोग्रॅम कुणाचा, असं साहेबांनी विचारलं. "माझा," बिरू म्हणाला. शेवटचा बदल कुणाचा? त्यानं माझ्याकडे बघितलं. मी समोरच्या कपातल्या चहावर धरलेली साय बघत होते. मग साहेबांनीच कागद वाचला आणि म्हणाले, "इथे तुमचंच नाव आहे." तो म्हणाला, "व्हय."

का बोलले नाही मी? कारणं खूप शोधली. बाबा तेव्हा आजारी होते, मला बढती मिळायची होती, वगैरे. त्यातलं एकही खरं नाही. मला भीती वाटली, आणि भीती वाटली म्हणून मी दुसऱ्याला बुडू दिलं. याची मला लाज वाटते. इतक्या वर्षांत ती कमी झालेली नाही.

बिरूला त्या कामावरून काढलं. जायच्या आधी त्यानं ती ओळ परत घातली, शेजारी आपली आद्याक्षरं लिहिली, आणि महिन्याभरात राजीनामा देऊन आटपाडीला निघून गेला. जाताना माझ्या टेबलाशी येऊन "येतो ताई" म्हणाला. मी त्याला जेवायला थांब म्हटलं. तो थांबला नाही.

नंतर मला बढती मिळाली. काम वाढलं. नव्या मुलांना मी शिकवत राहिले आणि प्रत्येकाला पहिल्या दिवशी सांगितलं, जागा मिळाली की आधी झाडून घ्या. कुणीही विचारलं नाही की हे तुम्हाला कुणी शिकवलं.

यंदाच्या उन्हाळ्यात पुण्याच्या ऑफिसातून एका मुलीचा फोन आला. सगळे जुने प्रोग्रॅम नव्या भाषेत नेण्याचं काम चाललंय, आणि एके ठिकाणी त्यांचं गाडं अडलंय. एका ओळीशेजारची टीप कुठल्या भाषेतली आहे ते कळत नाही. तिनं ती मला पाठवली. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलेलं होतं. जागा आपली न्हवं. आदी झाडा. कडेला बिरूची आद्याक्षरं.

इतकी वर्षं ती तिथेच होती. मी तो प्रोग्रॅम पुन्हा कधी उघडलाच नव्हता, कुणाला तरी दुसऱ्याला द्यायचे.

"मॅडम, नवी भाषा जागा आपोआप कोरी करते," ती मुलगी म्हणाली. "मग ही ओळ काढू ना? तुम्ही हो म्हणालात की झालं."

म्हणजे तीच ओळ काढायची वेळ माझ्यावर दुसऱ्यांदा आली होती. मी म्हटलं, थांब जरा. दोन दिवस कशात मन लागलं नाही. मग सगळं सविस्तर लिहून त्यांच्या साहेबांना मेल केली. पहिल्यांदा ही ओळ मी काढली होती, चूक माझी, नाव चुकीच्या माणसाचं लागलं. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. माहितीबद्दल आभार, तर मग ओळ काढायला आपली हरकत नाही असं समजतो. ते वाचून मला हसू आलं आणि मग फार दमल्यासारखं झालं. ज्यांच्यापुढे बोलायचं होतं ते सगळे कधीच निघून गेले होते. एक माणूस सोडून.

कऱ्हाडवरून विट्याला आणि विट्यावरून आटपाडीला, दोन एसट्या बदलून गेले. गुडघे बोलायला लागले होते. बिरूचं घर गावाबाहेर, मागे डाळिंबाची बाग आणि बाजूला मेंढरांसाठी जाळी. तो ओळखू येईना इतका सुटला होता, केस पांढरे. मला बघून तो घाईघाईनं पुढे आला, पिशवी घेतली, बाज टाकली, बायकोला चहा ठेवायला सांगितलं. मी चहा यायच्या आधीच बोलून टाकलं. पाठ करून आले होते, तरी वाक्यं मागेपुढे झाली.

त्यानं खाली बघत ऐकून घेतलं.

"मला ठावं व्हतं की, ताई. तवाच. छापलेला कागद व्हता माझ्याजवळ."

"मग तू मीटिंगमध्ये का बोलला नाहीस?"

"तुमी बोलशीला असं वाटलं. वाट बघत व्हतो. मंग मीटिंग संपली."

मला रडू आलं. तो अवघडला. मेंढरांकडे बघून एकाला उगाच हाड् हुड् केलं.

"मला सांगून आता काय उपेग न्हाई," तो म्हणाला. "राग व्हता, न्हाई कशाला म्हणू. लय वर्षं व्हता. आता बाग हाय, मेंढरं हायती, चाललंय. पर एक करा. आईला सांगा."

त्याची आई जाळीजवळ सावलीत शेंगा फोडत बसली होती. हौसाबाई. ऐंशीच्या पुढची असेल. बिरू नोकरी सोडून आला तेव्हा घरात काय झालं ते त्यानं मला तिथेच उभ्या उभ्या सांगितलं. माझ्या प्रोग्रॅममुळं एक बाई मरायला टेकली होती, असं तो घरी बोलून गेला होता. ओळ कुणी काढली ते नाही, माझा प्रोग्रॅम, एवढंच. ते तिनं धरून ठेवलं.

मी तिच्यासमोर जाऊन जमिनीवर बसले. "आजी, मी कऱ्हाडची. बिरूबरोबर पुण्याला कामाला होते."

"आँ?"

"मोठ्यानं बोला, तिला ऐकू येत न्हाई," बिरू म्हणाला.

मी आवाज चढवला. वाटेनं चाललेल्या दोन बाया कुंपणाशी थांबल्या. जन्मभर मी ही गोष्ट मनातसुद्धा हळू बोलत आले होते.

"आजी, त्या परदेशातल्या बाईला त्रास झाला, तो बिरूमुळं नाही! ती चूक माझी होती!"

"कसली चूक?"

मेनफ्रेम, जागा, चिठ्ठी, रकाना. तीस वर्षं लोकांना समजावायचा कंटाळा केला होता, आता त्याची शिक्षा भोगत होते. शेवटी म्हटलं, "एका रानात आधीच्याचं विषारी काहीतरी पडलं होतं! बिरूनं झाडायची सोय करून ठेवली होती! ती मी मोडली, आणि कुणाला सांगितलं नाही!"

म्हातारीचे हात थांबले. तिनं माझ्याकडे बघितलं, मग बिरूकडे.

"बिरूच्या हातनं न्हवं?"

"न्हवं! माझ्या हातनं!"

"आन् ह्यो गप बसला?"

"मी गप बसले, म्हणून तो गप बसला!"

तिनं मांडीवरची टरफलं झटकली. "त्या बाईच्या नावानं बिरोबाला दर साली नारळ फोडतीया मी," ती म्हणाली. "तिचं नाव ठावं न्हाई. म्हणती, देवा, माझ्या लेकाच्या हातनं जिला तरास झाला, तिला संबाळ." तिचा आवाज नुसता सपाट होता. "लेकाचं नाव घिऊन म्हणती. येवढी वर्षं."

बिरूला हे माहीत नव्हतं. तो पाठमोरा उभा राहिला. मी तिच्या पायांना हात लावला. तो तिनं बाजूला केला, रागानं नाही, उठायला वाट हवी म्हणून. भिंत धरत धरत ती आत गेली. बराच वेळ आली नाही. बिरूची बायको चहा घेऊन येऊन उभी राहिली, तो कुणी घेतला नाही.

म्हातारी परत आली तेव्हा तिच्या हातात नारळ होता. बिरोबाच्या जत्रेला अजून अवकाश होता, पण तिनं आधीच आणून ठेवलेला होता. तो तिनं माझ्या ओटीत ठेवला.

"मंग ह्यो तुमचा," ती म्हणाली. "तुमचं नाव घिऊन फोडा. आन् दर साली यायचं."

मी हो म्हटलं. तिला ऐकू गेलं नाही, म्हणून पुन्हा मोठ्यानं म्हटलं.